निखळला तर?

अहो, खुबा बदलला तो आमच्या ह्यांचा, पण धसका बसला तो माझ्या जिवाला, आणि हे कुणाला पटतच नाही. तुम्हाला सांगते, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बसताना काटकोनाच्या पलीकडे घडी नको, झोपताना दोन पायांमध्ये उशी. झालं. आणि रोज थोडं थोडं चाला म्हणाले. पण आमचे हे पडले सुतार, जन्मभर सांधे बसवलेला माणूस... "नवा सांधा हलवायचा नसतो," म्हणाले आणि जे आडवे झाले ते झालेच. मी म्हटलं, अहो, आत डिंक नाही लावलेला. तर म्हणतात, "नाही ना? मग धरलंय कशानं? निखळला तर?"

घ्या. आता सुताराला सांधा मी शिकवायचा?

बसवलं की मांडीशी गुण्या लावून बघायचे, तो सुतारांचा काटकोन मापायचा असतो ना, तो. शिंक आली की नाक दाबून धरायचे, निखळला तर? चमचा खाली पडला की त्याच्याकडे असे बघायचे, जसा काही तो विहिरीत पडलाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या, गोड आवाजात म्हणायच्या, "काका, चालला नाहीत तर स्नायू ढिले पडतील, मग सांध्याला धरणार कोण?" म्हणजे चाललं तरी भीती, नाही चाललं तरी भीती! मला हसू यायचं, पण एकदा त्यांचा हात हातात घेतला, तर गारठलेला... खांद्यावर वासे वाहिलेल्या माणसाचा हात हो. तेव्हापासून मीही उठून उठून उशी तपासायला लागले. भीती काय, सर्दीसारखी लागते.

आणि मग त्या सकाळी स्वयंपाकघरात पाणी सांडलेलं, माझा पाय सटकला, आपटले, घोट्यातून अशी कळ गेली की तोंडून निघूनच गेलं, "अहो..." आणि लगेच मी तोंडावर हात दाबला. कारण आतून वॉकरचा आवाज. टक... टक... माझ्या हाताशिवाय पलंगावरून न उठलेला माणूस एकटा येतोय. येणार, मला बघणार, वाकणार. निखळला तर? दोघंही फरशीवर, दाराला आतून कडी, कुणी कुणाला उचलायचं?

दारात उभे राहिले, तोंड पांढरंफटक. हात पुढे आला, कंबर वाकायला लागली, मी खालून म्हटलं, "वाकू नका." जागीच थांबले. "मग काय करू गं?" एवढंच म्हणाले, लहान मुलासारखं. मी म्हटलं, "कडी काढा, शेजारणीला हाक मारा." तर वळले, शिकवलं होतं तसे, पाय न मुरडता, इवली इवली पावलं टाकत गेले, कडी काढली, जिन्यात उभं राहून हाक मारली, आणि ती मला उचलेपर्यंत माझ्या डोक्याशी उभे. "दुखतंय का? फार दुखतंय का?" खुब्याचं नावसुद्धा नाही.

आता माझा घोटा प्लास्टरमध्ये. चहा हे करतात, ओट्याशी उभं राहून. परवा बाई आल्या, खूश झाल्या. "वा काका, छान चालताय की. कुणी चालायला लावलं?"

"हिनं," म्हणाले.

खरंय हो, मीच लावलं. फक्त त्यासाठी आधी आपण पडायचं असतं, हे तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.