सांडेल अशी पावडर

नाही रे वरुण, ती नको — ती बारीक, रव्यासारखी, ती आहेच माझ्याकडे, इतकी वर्षं तीच वापरतोय. मला ती दुसरी दाखव, फुगीर, पातळ पोह्यांसारखी असते ना, ती — हो, बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरसाठीच, घरी काडतुसं भरायला. काय म्हणालास? मीच तुला उलटं शिकवलं होतं? शिकवलं असेल ना! माझ्या गराजमध्ये बसून तू पहिल्यांदा काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या भरल्यास तेव्हा म्हणालो असेन, की बारीक पावडर घे, मापातून सरसर पडते, दर वेळी तेवढीच पडते. पोह्यांसारखी घेतलीस तर मापाच्या नळीत अडकेल आणि टिचक्या मारत बसशील. बरोबरच आहे ते. पण हे माझ्यासाठी नाहीये — नेमबाजीच्या क्लबात एक जण नवीन आलाय, शिकतोय, त्याच्यासाठी. नवशिक्याला काय द्यावं? चूक केली तर डोळ्यांसमोर येईल असं काहीतरी द्यावं. बत्तीसची पुंगळी ती केवढीशी, करंगळीहून बारीक, त्यात ही रव्यासारखी पावडर पडते चिमूटभर, पार तळाशी. चुकून दोनदा टाकली तरी पुंगळी भरत नाही, वरून गोळी दाबून बसवली की संपलं, बाहेरून कोणाला कळणार? आणि दुप्पट पावडरीचं काडतूस उडवलं की रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. फुगीर पावडर दोनदा टाकलीस की बाहेर सांडते, टेबलभर. करंजीत सारण जास्त झालं की कसं कडेनं बाहेर येतं आणि आमची ही, विनिता, लगेच ओरडते — तसं. नाव? त्याचं नाव... तू नाही ओळखत त्याला.

बघू, डबा दे इकडे. हं. छान आहे. रिव्हॉल्व्हरला चालेल असं लिहिलंय ना मागे? — तूच वाच ना रे, चष्मा विसरलोय घरी. काय? हा नाकावरचा? हा होय... हा लांबचा आहे. असा बघू नकोस, विसरतो माणूस. सकाळपासून धावपळ, माउंट रॉस्किलहून इथे ओटाहुहुला, शहराच्या दुसऱ्या टोकाला यायचं म्हणजे बस बदला, ताटकळत बसा — गाडी विनिताला हवी होती आज. म्हणजे, हवी होती असं नाही. गाडी दारातच उभी आहे. मीच नाही आणली. बरं, ऐक, आता तुला कळलंच आहे तर — पण क्लबात बोलू नकोस, आईशप्पथ बोलू नकोस. माझ्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. दोन्ही डोळ्यांत. तुझ्याकडे बघतो तर कान दिसतात, केस दिसतात, चेहरा असायला हवा तिथे धूर. दाराची चौकट वाकडी दिसते. कडेकडेचं सगळं छान दिसतं, त्यामुळे चालता-बोलता कोणाला कळत नाही — आणि मीही कळू देत नाही. विनिताला सांगितलेलं नाही. आरुषीला संशय आलाय, परवा म्हणाली, 'डॅड, व्हाय आर यू होल्डिंग युअर फोन लाइक दॅट?' मी म्हटलं, स्वीट ॲज, सगळं ठीक आहे बाळा, स्क्रीनवर ऊन पडतंय. स्वयंपाकघरात कसलं आलंय ऊन? पण पटलं तिला, किंवा पटल्यासारखं केलं तिनं. लाज वाटते रे. मी काय करतो क्लबात? नवीन आला की माझ्या हाती देतात त्याला — श्यामकडून शीक, श्याम काळजीनं काम करतो! लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करा, सगळ्या भरून झाल्या की टॉर्च घेऊन एकेकीत डोकवा, मगच गोळ्या बसवा — हे कोण सांगतो सगळ्यांना? मीच ना! मी अजूनही टॉर्च फिरवतो. रोज दिवा लावल्यासारखा फिरवतो. फक्त आत काय आहे ते मला दिसत नाही.

तुझ्या कानावर आलं असेलच गेल्या रविवारचं. आलंय ना? मी घोडा ओढला आणि नुसतं फुस्स झालं, गोळी नळीतच अडकली. सगळी रेंज थांबली. क्लबातल्या ग्रेगनं रिव्हॉल्व्हर घेतलं, पितळी कांडी घालून ठोकत ठोकत गोळी काढली आणि म्हणाला, 'ऑल गुड मेट, हॅपन्स टू ऑल ऑफ अस.' कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कोणी हसलं नाही. पुंगळीत पावडरच नव्हती, वरुण. सबंध ठोकळ्यात ती एक मी कोरडी सोडली. बरं, कोरडी सोडली — मग तिच्या वाटची पावडर गेली कुठे? टेबलावर पडली नाही, मी हात फिरवून पाहिलं होतं. हात सरकला माझा. शेजारचीत एकदा टाकून झाली होती, तिच्यातच पुन्हा टाकली असणार. घरी येऊन माझी उरलेली काडतुसं एकूण एक उघडली, बोटांनी चाचपत, विनिता झोपायला गेल्यावर — सगळी ठीक निघाली. आणि आधी जी उडवली त्यांतल्या एकाचाही आवाज वेगळा आला नव्हता.

त्याच ठोकळ्यातली अर्धी डबी काडतुसं दिली होती मी. कोणाला काय — टाकानिनीला राहते ती स्वरदा. हो, तीच, फिजिओ. तिची उद्या पहिली मॅच, तिला स्वतः भरायची भीती वाटते, म्हणाली, काका, तुम्ही भरलेली असली की मला काही बघावं लागत नाही. असं म्हणाली! आठवडाभर फोन हातात घेतो आणि ठेवतो. काय सांगू तिला? म्हणून म्हटलं, ही फुगीर पावडर घ्यावी, आज नवी डबी भरावी, सांडली तर निदान हाताला लागेल, आणि उद्या सकाळी तिची जुनी डबी बदलून द्यावी — ही वापर गं, हिचा झटका कमी बसतो. म्हणजे झालं, तिलाही काही नाही आणि मलाही. काय वाईट आहे त्यात?

डबा का उचललास? अरे, ठेव तो... द्यायचा नाहीये का मला? बरोबर आहे. मीसुद्धा दिला नसता. लेबल न वाचता येणाऱ्या माणसाला मी काय दिलं असतं!

काय? कधी? आज सकाळी आली होती इथे? टार्गेटचे कागद न्यायला — आणि इथून कुठे? रेंजवर, सरावाला? आत्ता? अरे, मग मघापासून बोलला का नाहीस — नाही, नाही, तुला काय माहीत, मी कुठे बोललो होतो. दे, माझा फोन दे, तो नाही, तो तिथे काउंटरवर. स्वरदाचं नाव काढून दे मला, अक्षरं दिसत नाहीत. लाव. लागला? वाजतोय. दिवसभर लोकांचे खांदे-गुडघे धरते रे ती, त्या हातांत... उचल गं बाई, उचल. वरुण, तू जरा आत जा. जा म्हणतो ना! दुकानात कोणी नाहीये, जा तू आत.

हॅलो? स्वरदा? श्यामकाका बोलतोय. हात लावू नकोस त्या डबीला — काढलंस का त्यातलं एखादं? नाही ना? नक्की नाही? बरं. ठेव खाली आणि ऐक. मॅचचं नाही गं, दुसरंच सांगायचंय.

मला दिसत नाही, स्वरदा.