दोनशे चौदा नंबरची साखळी

हाइको : बंद कर ते! बंद कर नुरजान, नाहीतर मी इथंच ओकेन, आईच्या पुसलेल्या फरशीवर.

नुरजान : अरे, अजून सहाच गाणी झालीत.

हाइको : सहा पुरे झाली. रिमिक्स म्हणे! दुसऱ्याचं उष्टं गरम करायचं, वर साखर भुरभुरायची आणि नव्या ताटात वाढायचं. आपण पत्रे बडवून बडवून हात फोडून घेतले. तू दोन नखं घालवलीस. आणि या पोट्ट्यांनी त्याचं काय केलं? अत्तराच्या दुकानात वाजतं तसलं काहीतरी. पाचव्या गाण्यात तर पाखरं किलबिलतायत! सातशे मीटर खाली, कोळशाच्या खाणीत, पाखरं!

नुरजान : पाचव्याला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी आहे तुझ्या बाजूला. तिसरं ऐकून तर मी पुन्हा आंघोळ केली. एवढी शिसारी मला त्या तेलाच्या पिंपात उंदीर सापडला होता तेव्हाही आली नव्हती.

हाइको : मग?

नुरजान : मग असं, की ही सगळी घाण तू मुकाट्यानं पास केलीस. पाखरंसुद्धा. नाकारलंस फक्त सातवं. आणि रेकॉर्ड कंपनीची बाई मला फोन करून विचारते, तुमच्या गायकाला झालंय काय? बारापर्यंत उत्तर हवंय, उद्या तबकड्या छापायला जाणार.

हाइको : सातवं भिकार आहे.

नुरजान : पाखरांपेक्षा?

हाइको : पाखरांपेक्षा. ती लाइपझिगची कोण मेर्ले, अठ्ठावीस वर्षांची कार्टी. खाणीचं तोंड तरी बघितलंय का तिनं? गाण्याचा जीवच काढून टाकलाय.

नुरजान : म्हणजे?

हाइको : साखळीची किंचाळी. सुरुवातीची. ती काढून टाकली.

नुरजान : काय सांगतोस! तेहेतीस वर्षं लोक ती किंचाळी ऐकायला येतायत. 'सातशे मीटर'चा अर्धा अल्बम तेवढ्यावर तरलाय. पोरं हातावर गोंदवून घेतात, दोनशे चौदा.

हाइको : मग? आता कळलं का मी का भडकलोय?

हिल्डे : कोण भडकलंय? हाइको, सॉसेज गार होतायत. आणि बटाट्याचं सॅलड काल रात्रीपासून मुरतंय, ते तुमची भांडणं संपायची वाट बघणार नाही. नुरजान, पोरी, तुझ्यासाठी वेगळ्या तव्यावर अंडी केलीत हो.

नुरजान : तुम्ही कधी विसरला नाहीत, मावशी. बसा ना जरा. तुमचा मुलगा मला एक गाणं ऐकवत नाहीये.

हिल्डे : नशीबवान आहेस. मला सगळी ऐकावी लागली. चोवीस वर्षांचा होता तेव्हा माझी धुण्याची बादली नेऊन बडवली यानं.

नुरजान : आमच्या अब्बांची फावडी पण! पण मावशी, हे ऐकाच. मेर्लेनं मला परस्पर पाठवलंय.

हाइको : कधी?

नुरजान : काल. मी ऐकलं नाही अजून. म्हटलं, तुझ्यासमोरच ऐकू.

हाइको : नुरजान, नको. आई इथं आहे. नुरजान, मी सांगतोय तुला...

(फोनमधून साखळ्यांची लांबवरची खुळखुळ. मग एका वयस्क माणसाचा आवाज : "ती नको, हाइको. ती युपची आहे. हात लावू नकोस." खुळखुळ. पुन्हा तोच आवाज : "ती नको." आणि शेवटी एक साखळी, अगदी सावकाश, कडीमागून कडी.)

हिल्डे : अगं बाई.

नुरजान : मावशी, बसा. बसा आधी. ती बशी द्या इकडे.

हिल्डे : तुझे बाबा आहेत हे. हाइको, हा तुझ्या बाबांचा आवाज आहे.

हाइको : हो.

हिल्डे : एकवीस वर्षं झाली त्यांना जाऊन. तुझ्याकडे आवाज होता आणि तू मला कधी ऐकवला नाहीस?

हाइको : मला वाटलं, ती फीत फेकून दिली होती मी. कंपनीनं जुनं सगळं मागितलं, मी पेटीच्या पेटी पाठवून दिली. ऐकलीच नाही. कोण ऐकत बसणार एवढं!

नुरजान : थांब. थांब जरा. आल्फोन्सकाका म्हणतायत, ती नको. आणि आपण तेहेतीस वर्षं काय सांगतोय? तू प्रत्येक मुलाखतीत काय सांगतोस?

हाइको : मला माहितीय मी काय सांगतो.

नुरजान : 'ती साखळी माझ्या बाबांनी स्वतःच्या हातानं ओढली.' लोक टाळ्या वाजवायचे. मी सुद्धा वाजवल्यात! मी त्या दिवशी नव्हते, बोट चेचलं म्हणून दवाखान्यात होते. तू येऊन सांगितलंस ते मी खरं मानलं.

हिल्डे : युपची म्हणजे दोनशे चौदा?

हाइको : आई, तेव्हा मी...

हिल्डे : दोनशे चौदाच ना, एवढं सांग.

हाइको : हो. दोनशे चौदा.

हिल्डे : तू खाणकामगाराचा पोरगा ना रे? तुला काय शिकवावं लागत होतं? बत्तीस वर्षं तुझे बाबा घरचे कपडे आपल्या नंबरच्या साखळीला अडकवायचे, छताला चढवायचे, कुलूप लावायचे आणि खाली जायचे. वर आले की कुलूप काढून कपडे खाली. त्यांच्याच पाळीतला युप एकदा खाली गेला तो वर आलाच नाही. त्याचे कपडे त्याच्या बायकोनं, ट्रूडेनं, उतरवू दिले नाहीत. म्हणाली, वर लटकतायत तोवर तो पाळीवर आहे. बारा वर्षं, हाइको. बारा वर्षांत साहेबांनीसुद्धा त्या साखळीला हात लावला नाही.

हाइको : म्हणूनच ती गंजली होती. बारा वर्षं हलली नव्हती. बाकीच्या साखळ्या नुसत्या खुळखुळत होत्या आणि ती... डुक्कर कापताना ओरडतं तशी ओरडली. मला तेच हवं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो.

हिल्डे : युप सव्वीसचा होता.

नुरजान : आणि कुलूप? कुलूप असणार ना तिला?

हाइको : कापलं.

नुरजान : शी!

हाइको : लोखंड कापायच्या कातरीनं. बाबा मध्ये आले, मी त्यांना बाजूला केलं. ढकललं नाही, बाजूला केलं. साखळी सुटली आणि कपडे खाली आले. जाकीट, बूट. साबण. वाळून चिरलेला साबण. सगळं माझ्या पायावर पडलं. मी म्हटलं, टेप चालू ठेवा.

नुरजान : आणि मग काकांचा आवाज कापलास आणि किंचाळी ठेवलीस. मेर्लेला शिव्या घालतोयस! पहिलं रिमिक्स तूच केलंस की रे. आणि त्याच्यावर मी ढोल वाजवला. मला आता माझ्या हातांची किळस येतेय.

हिल्डे : माझ्या मनात आलं होतं, यांना तुझं गाणं आवडत नसेल. तुझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. कान दुखतात म्हणायचे. मी तुझ्या बाजूनं भांडायचे त्यांच्याशी! पोराचं कौतुक नाही तुम्हाला, असं म्हटलंय मी त्यांना, त्या खुर्चीत बसलेले असताना.

हाइको : आई, रडू नकोस.

हिल्डे : रडत नाहीये. मला घाण वाटतेय. तू माझा मुलगा आहेस तरी वाटतेय, आणि ते काही मी लपवणार नाही. त्या शेवटाला हळूहळू काय वाजतं?

हाइको : बाबाच. बाकी सगळे निघून गेले, टेप चालूच राहिली. मी दारातून बघत होतो. त्यांनी कपडे घडी करून अडकवले आणि साखळी परत वर चढवली. आवाज होऊ नये म्हणून सावकाश. कुलूप मी कापलेलं, म्हणून स्वतःचं लावलं.

हिल्डे : स्वतःचं?

हाइको : हो.

हिल्डे : खाण बंद झाली त्या शेवटच्या दिवशी सगळे आपापलं कुलूप घरी घेऊन आले, आठवण म्हणून. शेजारच्यांनी तर काचेच्या कपाटात ठेवलंय. हे हात हलवत आले. म्हणाले, हरवलं. मी बोलले त्यांना, धांदरट आहात म्हणून.

नुरजान : मावशी...

हिल्डे : थांब पोरी. तो साखळ्यांचा हॉल पाडायच्या आधी हेच ट्रूडेला घेऊन गेले होते, कपडे आणायला. परत येऊन तिनं मला विचारलं, हिल्डे, युपच्या कुलपाची किल्ली आल्फोन्सकडे कशी गं? मी म्हटलं, ठेवत असतील एकमेकांच्या. तिनं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. दर गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो.

हाइको : म्हणून तर म्हणतोय, सातवं नको. कुणाला काही कळायला नको. ट्रूडेमावशीलाही त्रास.

हिल्डे : तिच्या त्रासाची काळजी आत्ता आली होय?

नुरजान : पावणेबारा झालेत.

हिल्डे : त्या जुन्या तबकडीवर मागं काय छापलंय? माझा चष्मा नाहीये, तू वाच.

नुरजान : 'साखळी : आल्फोन्स ग्राबोव्स्की.'

हिल्डे : जित्या माणसाच्या नावावर खोटं छापलंस. उघड तो कॉम्प्युटर, हाइको. सातवं घ्या म्हणून कळव. आणि नावं छापतात तिथं लिही. साखळी ओढली : हाइको ग्राबोव्स्की.

हाइको : आई, लोक थुंकतील माझ्यावर.

हिल्डे : पुसशील. लिहिलंस?

हाइको : लिहिलं.

हिल्डे : त्याच्याखाली. परत चढवली : आल्फोन्स ग्राबोव्स्की.

हाइको : ...लिहिलं. कुलपाचं पण लिहू?

हिल्डे : लिही. ट्रूडे भिंग लावून बारीक अक्षरसुद्धा वाचते.