उसनं झाड

ते नाही चालायचं ताई, पर्स काढा फांदीवरून. फाटकाजवळची पाटी वाचली नाहीत? फांदीला काही अडकवू नये — मीच रंगवलीय ती. तरी तुम्ही रोज अडकवता आणि रोज मी ओरडतो, आता दोघांनाही त्याची सवय झालीय म्हणा. बसा, बसा, उठू नका. बाकावर बसायला बंदी नाही. अजून तरी नाही. मला इथं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे — नियमवाले काका. म्हणू देत. तीस वर्षं वजनमापं तपासली मी, निरीक्षक होतो, मला आत येताना बघून दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. ती खोड जाते का? नाही जात. या रानात चारशे दहा झाडं, सगळी लोकांनी आपल्या हातांनी लावलेली, प्रत्येक खोडाला नंबराचा पत्रा, आणि कुठला पत्रा सैल झालाय ते मी झोपेतसुद्धा सांगेन. तुमचं हे एकतीस. तुम्ही याच्याशी बोलता, मी ऐकलंय. लाजू नका. परवा सासूबाईंबद्दल काहीतरी चाललं होतं — पुढचं नाही ऐकलं, मी चार पावलं मागे गेलो. बरं, दोन म्हणा.

तर एक काम होतं. काम म्हणजे विनंती. बघा, मी विनंती म्हटल्याबरोबर घाबरलात. मला तुमचं हे झाड हवंय. तोडायला नव्हे हो — उद्यापुरतं, उसनं. उसनं झाड कसं मागतात? मलाही माहीत नाही, पहिलीच वेळ. म्हणजे तुम्हाला विचारून मागायची पहिली. हा पत्रा बघा, सत्तावीस. खिशात कसा? तेच तर सांगतोय. सत्तावीस म्हणजे माझ्या लेकीचं झाड. त्या वळणावरच्या दगडापासून बरोबर सात पावलं आत, तिनंच मोजली होती, माप घेणाऱ्याची पोर ती. खड्डा मात्र उथळ घेतला, तो मी नंतर खोल केला. आता ती लांब असते. दर महिन्याला फोन करते, झाड कसंय विचारते, मी फोटो पाठवतो. तुमचा एकतीसचा पत्रा उतरवायचा, सत्तावीसचा लावायचा, फोटो काढायचा, पुन्हा तुमचा लावायचा. सहा वर्षं चाललंय. एकदा तुमची पर्स फोटोत आली, तुम्ही नळावर गेला होतात. लेक म्हणाली, बाबा, आपल्या झाडाला पर्स लागलीय. मी म्हटलं, असेल कुणा बेशिस्त बाईची. माफ करा.

तिचं झाड? मेलं, दुसरं काय. म्हणजे — आपोआप नाही मेलं. दर रविवारी गवत कापायला लोक येतात, त्यांना मी बजावून सांगतो की रोपाभोवतीचं वीतभर गवत हातानं काढा, तिथं यंत्र घालू नका. आणि मीच घातलं. गुडघ्याएवढं रोप, कळलंसुद्धा नाही. समितीच्या वहीत लिहिलं, वाळवी लागली. वाळवीनं काही तक्रार केली नाही. जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली आणि आता खोटा पत्रा खिशात घेऊन फिरतोय — हसा, हसा, मी तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. कसं झालं म्हणता? ती त्याच सकाळी गेली ना. नोकरी लांबची, मी नको म्हटलं, ती जाणार म्हणाली, मग पंधरा दिवस घरात आमच्याऐवजी भांडीच बोलत होती. स्टेशनावर सोडायला मी गेलो नाही. म्हटलं, मला गवत कापायचंय. गवताला कसली आलीय घाई? पण म्हटलं खरं. तिची गाडी आठची. आठला मी यंत्र सुरू केलं आणि समोरचं धड दिसेना. कचरा गेला होता डोळ्यात. यंत्रानं उडतो तो. असं बघू नका, उडतो.

आता आमच्यात बोलायला काय उरलंय? तब्येत बरी? बरी. जेवलात? जेवलो. मग झाड — आणि झाडावर मात्र ती पंधरा मिनिटं बोलते. पालवी फुटली का, पाखरं बसतात का, वाऱ्यात फार हलतं का. झाड मेलं असं सांगितलं तर फोनवर बोलायचं तरी काय? भीती वाटते हो, खरं सांगतो. तिचं रोप गोल पानांचं होतं आणि तुमचं हे लांबट पानांचं, पण एवढ्याशा फोटोत पानं कोण बघतं? ती कधी काही बोलली नाही. छान वाढवलंत बाबा, एवढंच म्हणते.

उद्या येतेय ती, सहा वर्षांनी. म्हणून म्हटलं, उद्या तुम्ही तेवढ्या इकडे फिरकू — काय? घ्या म्हणता? इतकं सहज? मी असतो तर लेखी अर्ज मागितला असता. बरं, ही पक्कड धरा, आजच तार पक्की करून टाकतो. हा तुमचा एकतीस, सांभाळा. तार वळत नाहीये. जुनी आहे, दुसरं काही नाही.

फाटकाशी कोण ते? — उद्या म्हणाली होती. उद्याच म्हणाली होती. पक्कड लपवा, ताई. नाही, राहू द्या, ती इकडे बघतच नाहीये. वळणाकडे चाललीय. दगडापाशी थांबली. तिथं काय आहे आता, नुसतं गवत — चार, पाच, सहा — सात.

खाली बसली. पिशवीतून काहीतरी काढतेय. रोप आहे का ते? मला इथून दिसत नाही, तुमचे डोळे चांगले आहेत, नीट बघून सांगा. पानं कशी आहेत?

गोल म्हणता?

म्हणजे ही सगळी सहा वर्षं ती —

हा सत्तावीस मी काढून घेतो. तुमचा एकतीस तुम्हीच लावून टाका, जमेल तुम्हाला. पर्स? अडकवा, आजच्या दिवस अडकवा. मला जाऊ द्या आता. ती खड्डा फार उथळ घेते.