पंधरा दिवसांची रजा

न्हाय, ते पिशवीतच राहू द्या — माईक का काय असंल ते. आदी नुसतं बोलू की. अक्षताक्का आल्यावर काढा, तिच्यासमोर काय बोलायचं ते बोलतो मी. ती रंगखात्यात अडकलीय, अर्धा तास म्हणून गेलीय, म्हंजे पाऊण तरी लागंल. बसा. पाणी घ्या. मागांचा आवाज हितंपर्यंत येतोय, त्याला इलाज न्हाय, टॉवेलचा कारखाना हाय. — तर तुमीच व्हय ते. तोंड कधी बघितलं न्हवतं, पण दारात नमस्कार म्हणालात की, तितंच वळखलं. वरीसभर हा आवाज कानात घालून फिरलोय मी. आणि पुण्याहून इतक्या लांब तुमी एका जॉबरला भेटायला आलाय — जॉबर म्हंजे मागाचा मिस्त्री, माग बिघडला की नीट करणारा — हे मला पटंना झालंय, खरं सांगतो. अक्कानं बोलवलं, ते ठाव हाय. पण का बोलवलं? मला बोलतं करायला? तुमी हसायलाय.

बरं. ऐका. मी गुरुशांत. या अक्कलकोट रोडवर, याच कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. महादेवप्पा मालक होते तवा सोळा माग होते, आता बेचाळीस हायेत. मालकांचं गुडघं गेलं, मंग थोरल्या लेकीनं कारभार हातात घेतला, हीच अक्षता. फ्रॉक घालायची तवापासनं बघतोय मी तिला. तर ही दर सोमवारी कायतरी नवीन काढायला लागली. एका सोमवारी म्हणं सगळ्यांनी उभ्यानं धा मिनटं मीटिंग करायची. पुढच्या सोमवारी भिंतीवर पेटी लावली, ज्याला जे सुचंल ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. मंग माझ्या मागं वही घेऊन फिरायला लागली — काका, हे कसं करता, हे कुणाला येतं, तुमच्याशिवाय कुणाला येतं? मला संशय आला. हिच्या डोक्यात हे येतंय कुठनं? एकदा गाडीतनं उतरताना फोन चालू राहिला तिचा, तवा ऐकलं — तुमीच. धंदा कसा चालवावा, माणसं कशी सांभाळावी, नोकरीत वर कसं जावं. त्याला पॉडकास्ट म्हणतात, हे मी नंतर शिकलो. माझ्या फोनमधे घालून घेतलं. आणि मंग शनवारी तुमी काय बोलायचा ते मी ऐकायचो आणि सोमवारी अक्का काय करणार ते मला आदीच ठाव असायचं. कुणाला बोललो न्हाय. चोरून ऐकतोय असं वाटायचं, पण ऐकायचो.

सांगायचं ते पुढंच हाय. श्रावणातला एक शनवार. तुमी म्हणालाव — तुमच्याच तोंडचं सांगतो — 'तुमच्या कारखान्यात असा एक माणूस असतो ज्याच्यावाचून सगळं अडतं. त्याला पंधरा दिवस रजेवर पाठवा आणि बघा.' मी सायकलवर होतो, कामावर यायलो होतो. ते ऐकलं आणि कानातलं उपटून खिशात टाकलं. म्हणलं, आलं. माझी पाळी आली. सत्तावीस वर्षं झाली आणि आता पंधरा दिवसांत बघणार, याच्याबिगर चालतंय का. चाललं, की वाट दाखवणार. दुसरं काय? तुमीच सांगा, दुसरा काय अर्थ निघतो त्याचा?

आणि सोमवारी बोलवलंच तिनं. गोड बोलली. काका, तुमी कधी रजा घेतली न्हाय, होटगीला बहिणीकडं जाऊन या, आराम करा, फोन बंद ठेवा. मी बरं म्हणालो. भायेर आलो तर इसूफ उभा. इसूफ माझ्या हाताखालचा, मीच आणलेला, वीस वर्षं झाली. माग उघडायला मीच शिकवलं. त्याला तिनं सांगितलं होतं, पंधरा दिवस तू बघायचं. तो मला म्हणाला, भाई, बेफिकीर जावा, मी हाय. — मी हाय! मला ते कसं लागलं असंल? वाटलं, यालाबी आदीच ठाव होतं. दोघांचं ठरलंय.

मंग माग बंद पडला. पडणारच. सात नंबरचा जुना हाय, त्याच्या धोट्याच्या पेटीला जरा दीड आटा — जरा आवाज येतोच. धोटा म्हंजे बाण्याचं, आडवं सूत घेऊन हिकडनं तिकडं पळतो तो. दोन्ही टोकांना लोखंड असतं, पेटीत जाऊन आपटतो, परत फिरतो. पेटी ढिली असली की तो नीट बसत न्हाय आणि माग आपोआप थांबतो. थांबतो नुसता. कुणाला काय होत न्हाय. — काय? दीड आटा म्हणालो मी? म्हणालो असंल. तुमचं कान लई बारीक हायेत. लोकांना बोलवून असंच काढून घेता व्हय?

आता काढलंच हाय तर ऐका. तिला सांगायचं असंल तर सांगा, मला वाटतं तिला ठाव हायच, ठाव असून मला या खुर्चीत बसवून ती बघायलीय. रजेला जायच्या दिवशी, दुपारची सुट्टी होती, सगळी डबा खायला गेली होती. सात नंबरच्या पेटीचा नट मी दीड आटा ढिला केला. एकच नट. माग दोन-चार दिवसांत थांबायला लागंल, इसूफला कळणार न्हाय का थांबतोय, मंग मला बोलवतील. बस, इतकंच मनात होतं. मी गेलो की अडतंय, हे दिसावं. पण हादऱ्यानं नट आणखी ढिला झाला, आणि चौथ्या दिवशी धोटा पेटीतनं उडाला. इसूफ तितंच वाकलेला होता. डाव्या हाताची दोन बोटं. तुटली न्हाईत, पण आता वळत न्हाईत. पाना धरता येत न्हाय त्याला.

मला त्याच संध्याकाळी होटगीला फोन आला. फोन मी कुठला बंद ठेवतोय? पण गेलो न्हाय. अकरा दिवस बहिणीच्या रानात ज्वारीची आळी बघत बसलो. फोन बंद ठेवा असं तिनंच सांगितलं होतं की — मला कळलंच न्हाय असं म्हणता येत होतं. म्हणालोबी तसंच. सोळाव्या दिवशी आलो, तर अक्कानं ही केबिन दाखवली. म्हणाली, काका, तुमी नसताना काय काय अडलं ते सगळं मी वहीत लिहिलंय, आता तुमी पाना खाली ठेवा आणि नुसतं शिकवा, सगळ्या जॉबरांवर तुमी. मी तुमाला ऐकतोय हे तिला कवा कळलं कुणास ठाव, पण म्हणाली, तो रजेचा भाग शेवटपर्यंत ऐका की एकदा. ऐकला. तुमचं पुढचं वाक्य काय होतं सांगू? 'मग त्या माणसाला परत बोलवा, मान द्या, आणि त्याच्या हातातलं चार जणांच्या हातात जाऊ द्या.' — ते तुमी आदी का न्हाय बोललाव? बोलायचं की आदी. माणूस सायकलवर असतो, अर्धं ऐकतो. तुमच्या ध्यानात येत न्हाय का?

न्हाय, तुमची चूक म्हणत न्हाय मी. नट तुमी ढिला केला न्हाय.

इसूफ आता तिकडं, बायकांच्यात बसून टॉवेलच्या घड्या घालतो. ह्या काचेतनं दिसतो मला, दिवसभर. आणि त्यानं काय केलं ठाव हाय? अक्कानं विचारलं तवा सगळ्यांसमोर म्हणाला, गलती मेरी हय, नट मैंच नै कसा था. का म्हणाला? आठ म्हैने डोकं फुटायची येळ आलीय. पान्याची ताजी खूण असते नटावर, जॉबरला डोळं मिटूनबी कळते. त्याला कळलं असंल तर गप का? माझ्यावर कायतरी ठेवून बसलाय का? आणि दुसरं — वीस वर्षांचा माणूस, चालू मागात हात घालतोच कसा? आदी माग बंद करायचा, हे मी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं. अक्कासमोर फुशारकी मारायला घातला असंल, असं म्हणून मी माझी समजूत घालतो. चालतेय तोवर चालते ती समजूत.

थांबा, आलाय वाटतं. — ये, इसूफ. साहेबांना द्यायचं टॉवेल व्हय? ठेव तितं. न्हाय, जाऊ नको. बस. खुर्चीवर बस की. — मी यांना सात नंबरचं सांगत होतो. तुझं न्हाय रे, माझं. नटाचं. — खाली बघू नको. माझ्याकडं बघ. नटावर खूण होती, ती तू बघितली होतीस का?

व्हय?

कवा? धोटा उडल्यावर, का आदी?

आदी. मंग माग बंद का न्हाय केलास?

… वहीत. बंद केला असता तर अक्कानं वहीत लिहिलं असतं. का बंद पडला ते बघायला ती वाकली असती. म्हणून तू चालू मागातच नट आवळायला…

साहेब, तुमी उठा. भायेर जावा. अक्का आली तर तिला म्हणावं, थांब जरा. दार वढून घ्या.