नखाएवढा सात

नाही हो, विमान बनवण्यात काही नाही! विमानाचं कौतुक मला सांगूच नका. पंख चिकटवा, शेपूट चिकटवा, करडा रंग मारा, झालं विमान! अवघड काय असतं सांगू? त्या विमानावर आकडा लावणं. एक आकडा. सात. माझ्या करंगळीच्या नखाएवढा! त्या नखाएवढ्या सातापायी, तुम्हाला सांगतो, अकरा दिवस मी माझ्याच घरात चोरासारखा वावरलोय.

तुम्ही म्हणाल, लावायचा की मग, त्यात काय एवढं? तेच तर! मीही तेच म्हटलं होतं, आणि तिथेच तर घोडं पेंड खातं.

पण आधी हा उपद्व्याप कशाला ते ऐका. आमचे सासरे बत्तीस वर्षं विमानांचे मेकॅनिक होते. खऱ्या विमानांचे. त्यात सात नंबरचं एक विमान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मुलीच्या पाठवणीला हा माणूस रडला नाही, पण सात नंबर भंगारात गेलं तेव्हा दोन दिवस जेवला नाही, असं सासूबाई अजून ऐकवतात. आणि जावई कोण? तर मी! कचेरीत बसून कागदांवर शिक्के मारणारा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांच्यासमोर एक खिळा ठोकला, तो वाकला. एक खिळा हो! तेव्हापासून बल्ब बदलायला स्टुलावर चढलो की मागून आवाज... "राहू द्या, जावईबापू." नळाला हात लावला की, "राहू द्या, जावईबापू." अठरा वर्षं मी राहू देतोय! म्हणून ठरवलं, यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, तर त्यांचं ते सात नंबर, वीतभर का होईना, माझ्या हातांनी बनवून त्यांच्या हातात ठेवायचं. आणि त्या तोंडून एकदा ऐकायचं, "बरं केलंय." दोन शब्द. जास्त मागतोय का मी?

विमान झालं. झकास झालं! मग दुकानातून आणलेल्या त्या जोडणीच्या खोक्यातून निघाला तो आकड्यांचा कागद. त्यावर सात दोनच, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. त्याला डिकॅल म्हणतात. पाण्यात बुडवायचा, कागदावरून पापुद्रा सुटतो, तो अलगद विमानावर सरकवायचा. मी बुडवला, सरकवला, डाव्या बाजूला बसवला, टिपून घेतला. बायकोला हाक मारली, "बघ, बघ!" ती म्हणाली, "छान आहे हो." सकाळी उठून बघतो तर काय... साताखाली चांदी! पांढरे चमकते ठिपके, जणू आकड्याला गोवर आलाय!

धावत गेलो दुकानात. तो दुकानदार म्हणजे एक नमुना आहे. सगळं जग पेटलं तरी हा आधी चष्मा पुसणार. पुसला, घातला, विमान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "घाई केलीत."

"कसली घाई? रंग दोन दिवस वाळवला होता!"

"रंग मॅट आहे ना... हाताला गुळगुळीत लागतो, पण भिंगातून बघा. नुसती खडी पसरलीय. त्या खडीत हवा राहते, हवेवर आकडा बसतो, मग चांदी दिसते."

"मग काय करायचं?"

"आधी चकचकीत करायचं."

"अहो, पण खरं विमान चकचकीत नव्हतं!"

"मग आकडा लावायचा."

"हो, पण ते चकचकीत..."

"मग परत मॅट करायचं."

ऐकलंत? आधी खरखरीत रंग द्यायचा, मग तो चकचकीत करायचा, मग आकडा लावायचा, मग सगळं होतं तसं परत खरखरीत! हे म्हणजे घर झाडून पुसून पाहुण्याला बसवायचं, आणि पाहुणा टेकला की पुन्हा कचरा पसरायचा! आणि एवढं सगळं कशासाठी? नखाएवढ्या सातासाठी!

"दुसरा कागद द्या," म्हटलं. तर म्हणे येत नाही आता, ते शेवटचं खोकं होतं. "डावा काढायला जाऊ नका, रंगासकट निघेल. ती बाजू भिंतीकडे करून ठेवा. उजवी नीट करा."

म्हणजे आता एकच सात! आणि एकच बाजू!

मग सुरू झाली तयारी. विमानाला साबणाच्या पाण्याने आंघोळ, कारण बोटांना तेल असतं. चष्म्याच्या फडक्याने अंग पुसलं. चकचकीत वॉर्निशचा पहिला हात दिला... आणि आमच्या हिने पंखा लावला! "किती उकडतंय हो!" सगळी धूळ वॉर्निशवर. दोन दिवस वाळू दिलं, बारीक पॉलिश पेपर ओला करून घासलं, दुसरा हात दिला. पंखा बंद, खिडक्या बंद, मी घामाघूम, आणि संध्याकाळी बघतो तर पंखाच्या मुळाशी अंगठ्याचा ठसा! रेषा न् रेषा मोजून घ्या.

"हा कुणाचा?"

"अहो, वाळलंय का ते बघत होते."

आता मला सांगा, माणसाला ओला रंग दिसला की बोट का लावावंसं वाटतं? न वाळलेल्या रंगाला बोट लावून आजवर कुणाचं भलं झालंय? पुन्हा दोन दिवस, पुन्हा घासणं, तिसरा हात. या वेळी वर मोठं पातेलं पालथं घातलं. झाकून टाकलं! तर स्वयंपाकघरातून, "अहो, माझं पातेलं कुठंय?" म्हटलं, "त्याच्याखाली विमान वाळतंय." तर म्हणते कशी, "मग दूध काय तुमच्या विमानात तापवू?" तीन दिवस दूध दोन खेपांनी तापलं आमच्याकडे. कशासाठी? नखाएवढ्या सातासाठी!

अखेर ती बाजू आरशासारखी झाली. शेवटचा सात पाण्यात सोडला, श्वास रोखला, सरकवला... आणि बसला हो! असा बसला की रंगवल्यासारखा! मग वरून मॅट. चांदीचा एक ठिपका नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

वाढदिवसाला सासऱ्यांच्या घरी गेलो. विमान हातात दिलं, उजवी बाजू त्यांच्याकडे, असा कोन साधून. त्यांनी बघितलं. म्हणाले, "हं." आणि फिरवलं!

"बाबा, तिकडनं नको..."

झालं. डावी बाजू समोर. गोवरवाला सात. म्हाताऱ्याने भिंग मागवलं. तो वाकलेला खिळा डोळ्यांसमोर आला.

"हा कुणी लावला?"

"मी."

"तयारी न करता? घाईत?"

"...हो."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं, आता बसतो फटका. तर हसायला लागले! हसता हसता डोळे पुसायला लागले. "आमच्या सातचा डावा आकडा अस्साच होता. मीच रंगवला होता. नोकरीचा पहिला महिना, पत्रा पुसलाच नाही, तेलावरच ब्रश फिरवला. आठ दिवसांत फोड! मी म्हटलं खरवडतो, तर आमचे साहेब म्हणाले, राहू दे, रोज बघ. बत्तीस वर्षं बघत होतो." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

सासूबाई मागून, "मला नाही बोललात ते कधी!"

मग मुलीला म्हणाले, "जावयाचा हात माझ्यावर गेलाय गं." तुम्हाला सांगतो, अठरा वर्षांनी! पण मला राहवेना. म्हटलं, "बाबा, उजवी बाजू बघा ना, अकरा दिवस घासलीय..."

"हं. बरी आहे."

उठले, आणि विमान कपाटावर ठेवलं. गोवरवाला सात लोकांकडे. आणि माझी अकरा दिवसांची, तीन हात वॉर्निशची, आरशासारखी बाजू भिंतीकडे! भिंतीला दाखवायला घासलं मी! पुढे झालो, म्हटलं, "जरासं फिरवून ठेवू का?"

"राहू द्या, जावईबापू."

मग काय... राहू दिलं.