अंतऱ्याआधीचं वाक्य

...आणि वर तो दुकानदार म्हणतो, "काका, एक वर्षाची गॅरंटी आहे!" अहो, डबीची गॅरंटी काय करायचीय, इथे माझी उरली नाही! तसा मी कुणाच्या बापाला भीत नाही, तुम्हाला सांगतो, पण त्या दिवशी हेडफोन कानाला लावले आणि दरदरून घाम फुटला.

झालं काय, लॅपटॉपवर माझी दोन हजार गाणी. आवाज कसा? डब्यात माशी कोंडल्यासारखा. इतकी वर्षं ऐकली, काही बिघडलं? पण आमचा मेहुणा, त्याला दुसऱ्याचं सुख बघवेल तर ना... "भाऊजी, लॅपटॉपच्या आतलं सर्किट फालतू असतं, बाहेरून आवाज सुधारणारी एक डबी जोडा, चांगले स्पीकर लावा, मग बघा!" दुकानदार त्याच्यावर ताण. "काका, आता गाण्यामागे कोण खोकलं तेसुद्धा ऐकू येईल." मला खोकला कशाला हवाय हो? पण घेतलं सगळं.

लगेच आमची ही म्हणते, "रविवारी आईला पंचाहत्तर पूर्ण होतात, सगळे येतील, तिचं गाणं नव्या स्पीकरवर लावू." आमच्या लग्नाच्या वर्षी सासूबाई घरी गायल्या होत्या, त्याची कॅसेट मी नंतर लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. म्हटलं, आधी आपण हेडफोन लावून ऐकून बघावं. तबला असा, की मांडीवर वाजतोय! मुखडा संपला, आणि अंतऱ्याच्या आधी कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "गळ्यात तेल घाला रे, बिजागरी वाजतेय."

आवाज माझा.

तसा मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण ही हिची आई! तीस वर्षं मुख्याध्यापिका, नुसत्या नजरेने वर्ग गार करायच्या... मेहुण्याला फोन केला, तर तो हसतोय. म्हटलं, बाबा रे, तुझ्याच कानात बोललो होतो, पुढे तुझंही हसणं आहे त्यात. मग हसणं थांबलं. "भाऊजी, छाटा ते." तीन दिवस बसलो. वाक्य कापलं, टोकं अशी जुळवली की शिंप्यालाही टाका सापडू नये. मूळ फाइल पुसून टाकली. पुरावाच नको!

रविवारी हॉल भरलेला. मुखडा झाला, लगेच अंतरा. सासूबाईंनी हात वर केला. "थांबवा." मी गाणं थांबवलं.

"जावईबापू, इथलं तुमचं वाक्य कुठे गेलं?"

अहो, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत! त्यांच्याकडे मूळ कॅसेट, रोज तिच्यासोबत गायच्या. मी बोललो की त्या श्वास घ्यायच्या आणि अंतरा उचलायच्या. मागच्या महिन्यात टेप तुटली, आता हीच एक प्रत उरली म्हणून आशेने आल्या होत्या... आणि मी ती कापून बसलो! ही माझ्याकडे बघतेय, मेहुणा स्वयंपाकघरात पसार. खरं सांगतो, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. म्हटलं, "चुकलं माझं."

"तेव्हा की आता?" त्या म्हणाल्या. "असू द्या. स्पीकरपाशी उभे राहा. मुखडा झाला की ते वाक्य म्हणा."

म्हणालो. पंचवीस माणसांसमोर, सासूच्या डोळ्यांत बघून. त्यांनी श्वास घेतला आणि अंतरा असा उचलला म्हणून सांगू... बिजागरी वाजली, पण उचलला!

आता दर रविवारी येतात. मुखडा वाजला की ही हाक मारते, आणि मी हातातलं टाकून स्पीकरपाशी हजर. तसा मी कुणाच्या बापाला भीत नाही... पण वेळ चुकवत नाही. आणि आवाजाची क्वालिटी विचाराल, तर अख्ख्या गाण्यात त्या एका वाक्याला तोड नाही. थेट गळ्यातून येतं.