मेंढ्या वाट बघतायत

ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बेच्या धक्क्यावर व्हेल दाखवणाऱ्या बोटीसाठी रांग लागली होती. थिआच्या पुढे दोघं म्हातारी उभी होती, आणि थिआचे कान तिकडेच लागले होते.

“लॉर्नाबाई, मी उद्या निघतो. मेंढ्या वाट बघतायत.”

“मेंढ्यांकडे तुमचा मुलगा आहे की, मर्विन! समोरच्या बेटावरचं गोड्या पाण्याचं तळं बघायचं राहिलंय अजून.”

“तळं आमच्याकडेही आहे.”

“त्यात मेंढ्या डुंबतात. बेटावरची वाळू साखरेसारखी पांढरीशुभ्र आहे.”

“मला पोहता येत नाही.”

“मी शिकवते.”

“सत्तरीत?”

“मी पासष्टीत शिकले. आमचे हे गेले त्या वर्षी.”

मर्विननं डोक्यावरची टोपी सारखी केली.

“लोक हसतील हो.”

“हसू देत. सुट्टीवर आलेत बिचारे.”

“चार दिवसांची आपली ओळख, आणि तुम्ही मला जाऊ देत नाही!”

“एवढं कळायला चार दिवस लागले होय?”

रांग पुढे सरकली. थिआ मुद्दामच आणखी जवळ सरकली. मर्विननं खिशातून फोन काढला.

“हॅलो, क्लाइव्ह? मेंढ्यांकडे बघ रे बाबा. नाही, कधी येईन ते सांगता येत नाही... समुद्र? छे, समुद्राकडे बघायला वेळ कुठाय!”